व्याह्यांचं पिंप

देवदत्त पागेकाकांना कुणी स्वतःचं नाव सांगितलं, तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. नाव काय, आईबापांनी हौसेनं ठेवलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. "आडनाव बोला!" आडनाव कळलं की काका डोळे मिटत, मान जराशी डावीकडे कलवत, आणि समोरचा माणूस कोण आहे ते त्यालाच सांगत.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातलं कॅरी हे त्यांचं गाव. तिथल्या मराठी मंडळींना याची सवय झाली होती. वैद्य आडनावाचा एक डेटा सायंटिस्ट होता, त्याला काका दर हिवाळ्यात खोकल्यावरचं औषध विचारत. बिचारा आधी गूगल करून सांगायचा; पुढे पुढे त्यानं काढ्याची पूडच गाडीत ठेवायला सुरुवात केली. पण अमेरिकन माणसांना ही सवय कुठून असणार? फ्रिज दुरुस्त करायला मिस्टर टर्नर आले, तेव्हा काकांनी त्यांना "टर्नर म्हणजे तुम्ही लाकूड कातणारे" असं बजावलं आणि आलाच आहात तर एक लाटणं करून द्या, अशी गळ घातली. टर्नरनी फ्रिज दुरुस्त केला, व्हॅनमध्ये बसले, आणि दारं आतून लॉक करून घेतली.

"अहो, घाबरला तो," नेत्राकाकू म्हणाल्या.

"घाबरला नाही, विसरलाय. घराण्याचा धंदा विसरलेला माणूस असाच दिसतो."

काका स्वतः एका औषध कंपनीत डेटाबेस सांभाळत. पण कुणी विचारलंच तर "आम्ही पागे. घोडदळाची पागा आमच्याकडे असते," असं थेट वर्तमानकाळात सांगत. जसे काही आत्ताच घोड्याला खरारा करून, हात धुऊन आलेत. प्रत्यक्षात शेजाऱ्यांच्या लॅब्रॅडॉरनं नुसती शेपटी हलवली, तरी काका गाडीत पलीकडच्या दारानं चढायचे.

"बाबा, यू आर स्केअर्ड ऑफ अ डॉग नेम्ड मफिन," त्यांची मुलगी रीमा म्हणायची.

"घोड्यांच्या माणसाचा कुत्र्याशी काय संबंध?"

रीमा एकुलती एक. जन्म इथलाच, कामानं फिजिकल थेरपिस्ट. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं. एका रविवारी पोहे खाता खाता तिनं सांगितलं, की ती आणि वेस लग्न करणार आहेत. नेत्राकाकूंच्या हातातली लिंबाची फोड खाली पडली. काकांनी शांतपणे विचारलं, "आडनाव?"

"कूपर."

डोळे मिटले. मान कलली. आणि कललेलीच राहिली, कारण हे आडनाव काकांच्या पोतडीत नव्हतं. त्यांनी फोन काढला, बोटानं खाली-वर सरकवलं, आणि खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"पिंपं! नेत्रा, पिंपं करणारे लोक आहेत! लाकडाची! फळ्या तासायच्या, विस्तवावर वाकवायच्या, गोल उभ्या करून वरून लोखंडी कडी ठोकून बसवायची. खिळा नाही की गोंद नाही! काय घराणं मिळालंय!"

"बाबा, वेस सेल्स इन्शुरन्स."

"तो लहान आहे. वडील काय करतात?"

"रिटायर्ड. आय थिंक ही सोल्ड गराज डोअर्स."

"थिंक म्हणजे तुला नक्की माहीत नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी पोह्यांवर आणखी खोबरं घालून घेतलं.

काकांना एवढा आनंद का झाला, त्याला एक कारण होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं. नागपूरला त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं तेव्हाची गोष्ट. तिचे सासरे अण्णा पेटी सुरेख वाजवत. लग्नात कुणीतरी म्हणालं, "अण्णांची पेटी ऐका बरं का!" अण्णा म्हणाले, "छे हो, बोटं आखडलीत आता." यावर काकांचे वडील, सरळ मनाचा माणूस, म्हणाले, "मग राहू द्या. आराम करा." झालं. अण्णांनी पुढं या घरचं पाणी घेतलं नाही. बहीण माहेरी एकटी यायची, एकटी जायची, आणि रिक्षात बसताना दर वेळी रडायची.

खरं तर हा नियम मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. गवई घसा बसलाय म्हणतो, कवी वही घरी राहिली म्हणतो, आणि आपण आग्रह करतो. तिसऱ्या नकारानंतर दोन तास ऐकतो. ज्याला खरोखर काही येत नाही तो कधीच 'येत नाही' म्हणत नाही. तो माइक सोडत नाही. तेव्हा रीमाच्या बाबतीत काकांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं, व्याह्यांची कला आपण ओळखायची, आग्रह करायचा, आणि व्याही रुसता कामा नयेत. आपली पोर रडत रडत घरी येता कामा नये.

व्याही वेसबरोबर जेवायला आले. व्हर्नन कूपर म्हणजे उंच, गुलाबी चेहऱ्याचे गृहस्थ, पट्ट्याचं बक्कल वाटीएवढं. हातात बायकोनं, म्हणजे डार्लीनबाईंनी, केलेला पीकन पाय, अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड पदार्थ. बाईंना सर्दी झाली होती म्हणून त्या आल्या नव्हत्या. व्हर्ननरावांचं बोलणं अस्सल अमेरिकन दक्षिणेकडचं. त्यांचा एकेक शब्द तोंडातून बाहेर पडण्याआधी आरामखुर्चीत दोन झोके घ्यायचा आणि मग कण्हत उठायचा.

"हाऽऽय देअर. कॉल मी व्हर्नन."

"वेलकम, व्हर्ननराव! सो, बॅरल्स!"

"बॅरल्स?"

"कूपर! यू मेक बॅरल्स!"

"वेऽऽल नाउ, नोऽऽ सर. मी काही पिंपं करत नाही."

काकांनी नेत्राकाकूंकडे बघून डोळा मिचकावला. "एक," ते मराठीत कुजबुजले.

"एक काय?"

"एक नकार झाला. दोन बाकी."

दुसरा नकार कोशिंबिरीच्या वेळी मिळाला. व्हर्ननराव म्हणाले, पिंपांचं आमच्याकडे असलंच काही, तर शे-दोनशे वर्षांपूर्वी असेल. तिसरा पुरणपोळीवर; तोवर देवदत्तचं डेव्ह झालं होतं. "डेव्ह, पिंपातून ओतायचं कुठल्या बाजूनं हेसुद्धा मला माहीत नाही!"

काकांचा चेहरा एखाद्या दिव्यासारखा उजळला. "ऐकलंस, नेत्रा? ओतायचं कुठून ते माहीत नाही म्हणे! हे मोठाच कारागीर बोलू शकतो."

"बाबा, ही मीन्स इट," रीमा म्हणाली. वेसनं बिचाऱ्यानं मान डोलावली. त्याला त्या मानेबद्दल आणखी एक पोळी मिळाली.

व्हर्ननराव जिथं वाढले तिथं, ज्याच्या घरचं खातोय त्याला तोंडावर नाही म्हणणं पाप समजतात. तीन वेळा तसं म्हणून त्यांच्या अंगातलं त्राण संपलं होतं. त्यात काका तूप आणि आग्रह एकाच हातानं वाढत होते. "एकच! छोटंसं! माझ्यासाठी! रीमासाठी!" शेवटी व्हर्ननरावांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"ऑल राइट, डेव्ह. अ लिट्ल वन."

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्ष सुलेखाताईंचा मेसेज सगळ्यांच्या फोनवर वाजला. सुलेखाताई मीठ मागायचं असलं तरी माइकवरून घोषणा केल्यासारख्या बोलत, आणि लिहीतही तशाच. 'यंदाच्या दसरा संमेलनाचं खास आकर्षण! पिढीजात पिंपकार श्रीमान व्हर्ननजी कूपर यांचं थेट प्रात्यक्षिक! सोबत मसालेभात!' काकांनी तो मेसेज व्हर्ननरावांना पाठवला. बराच वेळ काही आलं नाही. मग एक अंगठा आला.

"बघ," काका म्हणाले. "कलाकार जास्त बोलत नाहीत."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. ज्याच्या जिवावर पोट भरतं त्या हत्यारांची पूजा. काकांनी सकाळी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, डॉक्टरांकडे जायचंय असं ऑफिसात कळवलं, आणि तबकात झेंडू, नारळ, निरांजन घेऊन व्याह्यांच्या घरी निघाले. लॅपटॉपची पूजा करून काही वाटत नाही हो. खरी हत्यारं बघायला मिळणार होती.

गराजचं दार उघडंच होतं. आत व्हर्ननराव उलट्या बादलीवर बसले होते, अंगठ्याला मोठं बँडेज. भिंतीशी फळ्या, जमिनीवर फळ्या, काही मोडलेल्या, काही जळलेल्या. एक लोखंडी कडं गवत कापायच्या मशीनच्या गळ्यात अडकलं होतं. समोर टॅब्लेटवर, थांबवलेल्या व्हिडिओत, चामडी एप्रन घातलेला एक दाढीवाला तोंड उघडं ठेवून थांबला होता. आणि मधोमध एक वस्तू होती. तिला पिंप म्हणवत नव्हतं. एखादं पिंप हायवेवर अपघातात सापडावं, तसं काहीतरी ते होतं.

काकांनी चपला काढल्या. हातोडीवर कुंकू लावायला वाकले, तर तिच्या दांड्यावर दुकानाचं स्टिकर.

"ही घराण्यातली हातोडी?"

"मंगळवारी आणली."

काकांनी बोटावरचं कुंकू कुठं पुसावं ते न सुचून आपल्याच कपाळाला लावलं. व्हर्ननराव खाली बघत म्हणाले, "डेव्ह, मी जन्मभर गराजची दारं विकली. माझे वडील शाळेची बस चालवायचे. आजोबा तंबाखूच्या शेतात. त्याआधीचं कुणाला ठाऊक नाही."

"मग तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"म्हणालो की! थ्री टाइम्स!"

काकांनी मनातल्या मनात मोजलं. तीनच होते. त्यांच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच एका 'नाही'चा अर्थ 'नाही' असा निघाला होता. त्यांना बसायला जागा लागली. व्हर्ननरावांनी दुसरी बादली उलटी करून दिली.

"मी इंटरनेटवर वाचलं," व्हर्ननराव म्हणाले. या वेळी शब्दांनी झोके घेतले नाहीत. "तुमच्या देशात घराण्याचा धंदा बघून मुलगी देतात. तुम्ही तर आल्या आल्या धंदाच विचारलात. म्हटलं, माझ्यापायी पोराचं लग्न मोडायला नको. तुमच्या रीमासाठी तो पहाटे उठून पळायला लागलाय, डेव्ह. आधी पिझ्झा आणायलासुद्धा चालत जात नव्हता."

"अहो, मला वाटलं आग्रह केला नाही तर तुम्ही रुसाल! मग आमच्याकडे येणं-जाणं बंद कराल, आणि रीमा..."

"रुसेन? मी?" व्हर्ननरावांनी अपघातग्रस्त पिंपाकडे पाहिलं. "मला तुम्ही नुसती पुरणपोळी दिली असतीत तरी चाललं असतं."

 मग काका उठले. "व्हर्ननराव, शनिवारी मी स्वतः स्टेजवर जाऊन खरं काय ते सांगतो. तुम्ही फक्त मसालेभात खायला या."

शनिवारी दुपारी भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात सगळी कॅरी लोटली होती. दाराशी पिंपाची रांगोळी. सुलेखाताईंचे स्वयंसेवक सकाळीच व्हर्ननरावांच्या गराजमधून फळ्या, कडी आणि हातोडी उचलून आले होते. स्टेजवर सगळं मांडून, वर झेंडूची फुलं वाहून ठेवली होती. डार्लीनबाईंना तेवढ्यात गराज झाडून घेता आलं, म्हणून त्यांनी हरकत घेतली नव्हती.

काका माइकपाशी गेले. घसा खाकरला.

"मंडळी, माझी चूक झाली. आमच्या व्हर्ननरावांना पिंप करता येत नाही."

 काकांना हायसं वाटलं. मग पहिल्या रांगेतून प्रतापकाकांचा आवाज आला, "क्या बात है!" प्रतापकाका मुंबईचे, शिक्षणानं मेकॅनिकल, नोकरी बँकेच्या सॉफ्टवेअरची, त्यामुळे खरं मशीन दिसेल तिथं धावत. "व्याह्यांच्या वतीनं नम्रता! याला म्हणतात संस्कार, यार!"

टाळ्या पडल्या.

"अहो, खरंच येत नाही!"

"दोन!" मागून कुणीतरी ओरडलं.

सुलेखाताईंनी माइक काढून घेतला. "मंडळी! आपला आग्रह कमी पडतोय! जरा जोरात!"

"पिंऽप! पिंऽप! पिंऽप!" कॅफेटेरिया दणाणला. आता व्हर्ननराव स्वतः उठले. लालभडक झाले होते. "फोऽऽक्स," ते म्हणाले, "ऑनेस्ट टु गॉड, आय कान्ट."

"तीऽऽन!"

अख्खं सभागृह उभं राहिलं. एका आजींनी तर जागेवरूनच त्यांची दृष्ट काढली. काकांनी दोन्ही हात वर केले, तोंड उघडलं, पण आता त्यांचं ऐकणार कोण? उभं आयुष्य ते ज्या बाजूनं ओरडत आले, त्या बाजूचा आवाज केवढा असतो ते त्यांना आज समोरून कळत होतं.

व्हर्ननराव फळ्यांशी गेले. कड्याच्या आत एकेक फळी उभी करू लागले. शेवटची लावली की पहिली पडायची. पहिली लावली की मधली.

"मॉइश्चर नाहीये!" प्रतापकाका स्टेजवर चढले. "लाकूड कोरडं आहे. स्टीम पाहिजे, स्टीम!"

"इथं आग लावायला परवानगी नाही," सुलेखाताईंनी घोषणा केली.

तेवढ्यात ग्रीन रूममधून नेत्राकाकू बाहेर आल्या. त्यांच्या मागं भोंडल्याच्या नाचाला नटलेल्या नऊवारीतल्या बायका, प्रत्येकीच्या हातात साडीच्या चुण्या मोडायचा स्टीमर. एक्स्टेन्शन कॉर्डी पसरल्या. फुस्सऽऽ! फुस्सऽऽ! वाफेत स्टेज दिसेनासं झालं.

"वाकतंय!" प्रतापकाका ओरडले. "धरा! एकेकानं एकेक फळी धरा! सोडायची नाही!"

बघता बघता पिंपाभोवती सगळ्या काकामंडळींचं एक पिंप तयार झालं. प्रत्येकाच्या पोटाशी एक फळी, खांद्याला खांदा, सगळ्यांची तोंडं आत. व्हर्ननराव बाहेरून हातोडी घेऊन फिरत होते आणि दोन माणसांच्या मधून हात घालून कडं ठोकत होते.

"माझी कंबर धरली," एक फळी म्हणाली.

"सोडू नका! लाकूड गार व्हायला पाहिजे!"

"मग भात तरी द्या!"

तेव्हा बायकांनी स्टीमर ठेवले आणि आपापल्या फळीला चमच्यानं मसालेभात भरवला. ज्यांच्या बायका आल्या नव्हत्या त्यांना सुलेखाताईंनी भरवला, आणि भरवताना प्रत्येकाचं नाव माइकवरून जाहीर केलं. देवदत्तकाकाही एक फळी धरून उभे होते. रीमानं त्यांच्या तोंडात घास घातला.

"बाबा, धिस इज इन्सेन."

"मी सांगितलं सगळ्यांना. कुणी ऐकलंच नाही."

"आय नो, बाबा. नाउ यू नो हाउ इट फील्स."

"नाउ!" व्हर्ननराव ओरडले. "लेट गो!"

एकेक जण मागं सरला.  पिंप उभं राहिलं. एका अंगानं पोट सुटलेलं, दुसऱ्या अंगानं उपाशी, पण उभं! सुलेखाताईंनी वाजतगाजत कळशीभर पाणी आणलं आणि वरून ओतलं. ते त्याच वेगानं खालून बाहेर आलं आणि पहिल्या रांगेच्या पायांशी गेलं. पिंपाला बूड नव्हतं. ते बसवायचं असतं इथपर्यंत व्हर्ननराव व्हिडिओत पोचलेच नव्हते.

"बूड नंतर बसवतात," प्रतापकाका ओले पाय झटकत सगळ्यांना सांगू लागले. "प्रोसेस आहे ती!"

शाल आणि नारळ देताना व्हर्ननरावांचे डोळे भरून आले. त्यांनी माइक घेतला, सगळ्यांकडे पाहिलं, पण शब्द काही खुर्चीतून उठेना. त्यांनी माइक परत दिला. दारं विकताना कुणी त्यांच्या नावानं एवढं ओरडलं नव्हतं.

पार्किंगमध्ये देवदत्तकाका त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. ओल्या सदऱ्यात थोडे काकडत होते.

"व्हर्ननराव, माफ करा. फार त्रास दिला मी."

"नोऽऽ सर," व्हर्ननराव म्हणाले.  पिकअप सुरू केली आणि निघून गेले.

काका अख्खा आठवडा त्या 'नो सर'चा कीस पाडत होते. रागावले असतील का? नसतील? 'नो सर' म्हणजे 'त्रास नाही', की 'माफी नाही'? नेत्राकाकू म्हणाल्या, "फोन करून विचारा ना." पण काकांना आता कुणाला काही विचारायचीच धास्ती बसली होती. बँकेत मिसेस कार्टर भेटल्या, तर आडनाव गाडीवानाचं असूनही ते नुसतं "गुड मॉर्निंग" म्हणाले.

रविवारी सकाळी दार वाजलं. काका दाढी न केलेले, बर्म्युडा, बनियन. दार उघडलं, तर व्हर्ननराव. शालीसकट.

"काय झालं? सगळे बरे आहेत ना? वेस?"

"एव्हरीबडीज फाइन."

"काही काम होतं?"

"नोप."

असं म्हणून ते आत आले, बूट काढले, आणि सोफ्यावर काकांच्या नेहमीच्या जागी बसले. काकांनी दार तसंच उघडं टाकलं. मग स्वयंपाकघरात धावले आणि घोडी दौडत आल्याची बातमी द्यावी तसं काकूंना म्हणाले, "नेत्रा! चहा टाक! आलेत! न कळवता आलेत! कामाशिवाय!"

चहा झाला. पोहे झाले. व्हर्ननरावांनी बाहेर जाऊन मफिनला हात केला, काकांनी खिडकीतूनच केला. जेवणं झाली. दोघांनी काही विशेष बोलल्याचं काकूंना आठवत नाही. दुपारी रीमाचा फोन आला.

"बाबा, इज वेसेस डॅड देअर? हिज मॉम इज लुकिंग एव्हरीव्हेअर!"

काकांनी सोफ्याकडे पाहिलं. व्हर्ननरावांनी पाय लांब केले होते, शाल तोंडावर ओढून घेतली होती, आणि तिच्याखालून घोरणंही दक्षिणी झोके घेत येत होतं.

"हळू बोल गं," काका म्हणाले. "व्याही झोपलेत."